तुटक रेषेची वाट

साकेत, तो नकाशा गुंडाळ आधी. चष्मा लावून तीनदा बघितला मी. कागद स्वच्छ आहेत, सातबारा कोरा आहे, भांडणारे वारस नाहीत. पण तू मघाशी बोट ठेवून विचारलंस ना, 'काका, ही तुटक तुटक रेषा कसली?' त्याचं उत्तर द्यायला मला जरा वेळ लागेल. क्षिप्रा, गॅलरीचं दार ओढून घे. साडेदहा वाजून गेले तरी आमच्या नौपाड्यातल्या रिक्षावाल्यांचे हॉर्न काही थांबत नाहीत.

तुम्ही दोघं घोडबंदरचा फ्लॅट विकून शेतावर राहायला निघालात. जा, मी नको म्हणणार नाही. क्षिप्रा, तुझा सख्खा काका आहे मी, सासू नाही. पण माझ्या ओळखीत एक जोडपं होतं, तुमच्यासारखंच गेलेलं. त्यांचं काय झालं ते ऐका, मग सही करा.

मुलाचं नाव सुशांत, बायकोचं संचिता. दोघंही कॉम्प्युटरवाले. तेविसाव्या मजल्यावर घर, आणि ऑफिसला जाता-येता रोज तीन तास गाडीत. एक दिवस सुशांत ट्रॅफिकमध्ये गाडी बंद करून उतरला आणि चालतच घरी आला म्हणे. दुसऱ्या दिवशी राजीनामा. त्याच्या आजोबांची चिपळूणकडे जमीन होती, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला मिळाला. मुरबाडच्या पुढे, सरळगाव सोडल्यावर आत, दीड एकर घेतली. गावाचं नाव विचारू नका.

सुखात होती दोघं. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे ऐसपैस ओटा. वाल लावले, भेंडी लावली. भाताची लावणी यूट्यूबवर शिकलेली, म्हणजे काय ते समजा. मग पाड्यावरचा धोंडीबा आला, त्याने दोघांना गुडघाभर चिखलात उभं केलं आणि शिकवलं. साठीचा माणूस, काटक. त्याची सून मालन संचिताला नाचणीची भाकरी थापायला शिकवायची. तिची दीड वर्षाची पोर यांच्या ओट्यावर रांगायची. संचिता सगळ्यांना फोन करून सांगायची, आम्हाला इथे माणसं मिळाली.

पाडा मागच्या टेकाडावर. तीसेक घरं. तिथून डांबरी रस्त्याला यायचं तर पायवाट सुशांतच्या शेतातून, बांधावरून. दहा मिनिटांचा रस्ता. दुसरी वाट ओहोळाला वळसा घालून. उन्हाळ्यात पाऊण तास, पावसाळ्यात दोन तास, तेही पाण्याने जाऊ दिलं तर.

जूनमध्ये सुशांतच्या पंपाची केबल चोरीला गेली. कोणी नेली कळलं नाही. पाड्यातल्या कुणी नेली असेल असं मला आजही वाटत नाही. पण संचिताला रात्री झोप लागेना. मग सुशांतने कुंपण घालायचं ठरवलं. त्याआधी हद्द मोजायला हवी, म्हणून एका माणसाला बोलावलं. आमच्याच भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला मोजणीदार. हुशार माणूस. सगळे कायदे तोंडपाठ, आणि ते पाठ आहेत याचा भारी अभिमान.

रविवारी सकाळी तो कल्याणहून एसटीने गेला. फीत धरायला धोंडीबाच होता. दगड रोवून झाले तसा धोंडीबा म्हणाला, "सायेब, आमची वाट तेवढी सोडा हां. बापजाद्यांपासून चालतोय आमी."

मोजणीदार म्हणाला, "सातबाऱ्यावर वाट नाही."

आणि खरंच नव्हती. पण गावनकाशावर होती. तुटक रेषा, टेकाडापासून डांबरी रस्त्यापर्यंत. मोजणीदाराने ती पाहिली होती. सुशांतला बाजूला घेऊन तो म्हणाला, "कुंपण घाला, फाटक लावा, कुलूप लावा. आणि एक लक्षात ठेवा. एकदा जरी कुणासाठी फाटक उघडलंत, तर वाट तुम्ही कबूल केली असा अर्थ होतो. मग जन्मभर वहिवाट काही बंद होत नाही."

सुशांत भिडस्त. त्याला हे पटलं नव्हतं. पण जाणकार माणूस सांगतोय म्हटल्यावर त्याने ऐकलं. पाड्याची माणसं एकदा दिवसा विचारायला आली, तेव्हा 'बघतो' म्हणाला. ती परत गेली आणि ओहोळावरून जायला लागली. धोंडीबा कामाला यायचा तोसुद्धा तिकडून वळसा घालून, अर्धा भिजलेला.

आता तारीख सांगतो. नऊ ऑगस्ट दोन हजार तेवीस, बुधवार. मध्यरात्र उलटली होती. पाऊस असा की पत्र्याखाली बोललेलं शेजारच्याला ऐकू येऊ नये. एक वाजून वीस मिनिटांनी सुशांतचा मोबाइल वाजला. पाड्याकडच्या फाटकावर कॅमेरा बसवला होता, तिथे हालचाल झाली की वाजायचा. त्याने बघितलं. आठ-दहा माणसं. डोक्यावर पानांची इरली, हातात बॅटरी. दोघांच्या खांद्यावर लांब बांबू. चित्र धूसर, आवाज नाही.

सुशांतने त्या मोजणीदाराला फोन लावला.

"साहेब, फाटकावर माणसं आलीत. दहा तरी आहेत. काठ्या आहेत. उघडू का?"

मोजणीदार झोपेत होता. चिडला. म्हणाला, "उघडू नका."

"साहेब, कॅमेऱ्यात एक बाई रडतेय असं दिसतंय."

"बाईला पुढे करतात, नेहमीचंच आहे. रात्रीचं उघडलंत तर गेली जमीन हातातून. गप्प पडून राहा. जातील."

...गेली. बरोबर वीस मिनिटांनी गेली.

मालनला मण्यार चावली होती. जमिनीवर झोपलेली, पोरीला कुशीत घेऊन. तो बांबू म्हणजे काठी नव्हे रे, झोळीचा दांडा होता. घोंगडीची झोळी, आत मालन. मुरबाडहून बोलावलेली जीप डांबरी रस्त्यावर येऊन उभी होती. फाटकातून तिचे दिवे दिसत होते. इतकं जवळ. त्यांच्याकडे कोयते होते. चार घाव घातले असते तर तार तुटली असती. पण दुसऱ्याच्या बांधाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही ही त्यांची रीत. त्यांनी वीस मिनिटं हाका मारल्या. मग ओहोळाकडे वळले. मालन पाण्यातच गेली, झोळी डोक्यावर धरलेली असताना.

काय, क्षिप्रा?

"काका... त्या मोजणीदाराचं नाव काय?"

...

तुझं माहेरचं आडनाव जे आहे, तेच त्याचं.

पाणी दे जरा. नाही, दिवा नको लावू.

फोन ठेवून मी परत झोपलो. मला झोप लागली, हे मला सगळ्यात जास्त लागतं. बाई रडतेय म्हटल्यावर मला कळायला हवं होतं. छत्तीस वर्षं पाड्यापाड्यांतून फिरलो मी, झोळी कशी नेतात ते मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. मी विचारलंच नाही.

पाड्यातून कोणी तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी धोंडीबा आला, सुशांतचं फावडं आणि घमेलं धुऊन ओट्यावर ठेवलं आणि गेला. सुशांतने त्याच दिवशी कुलूप काढलं. दहाव्याला फाटकच उपटून टाकलं. नुसते दोन खांब राहिले. पाड्यावर जाऊन तो सगळ्यांच्या पाया पडला. धोंडीबा म्हणाला, "दादा, तुमी फाटक काढलंत. पण वाट मोकळी न्हाय झाली अजून." आणि ती माणसं ओहोळावरूनच येत-जात राहिली.

संचिता ठाण्याला आईकडे निघून गेली. सुशांत तिथेच राहिला. मला त्याचे फोन यायचे, मी उचलायचो नाही. एकदा चुकून उचलला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही एकदा या. एक रात्र बसा माझ्याबरोबर. एवढंच."

सात ऑक्टोबर, शनिवार. पितृपंधरवडा चालू होता. मी तुझ्या काकूला सांगितलं, मोजणीचं काम आहे. खोटं सांगितलं. मुरबाडला एसटीतून उतरलो तर सुशांत स्कूटर घेऊन उभा. दाढी वाढलेली, अंगात काही उरलं नव्हतं. पिठलं-भात केला होता त्याने, जेवलो. मग ओट्यावर दोन खुर्च्या टाकून बसलो. मी बूट काढून बाजूला ठेवले, पाय वर घेतले. संध्याकाळी सर येऊन गेली होती, जमीन ओली होती. समोर दोनशे फुटांवर ते दोन खांब. मध्ये काही नाही.

"रोज येतात?" मी विचारलं.

"रोज. एक वीसला."

"मग जातात?"

"तेच तर. फाटक नाही, कुलूप नाही, तरी थांबतात. मी जाऊन सांगितलं, या, जा, वाट तुमचीच आहे. ऐकत नाहीत. कोणीतरी अडवलंय त्यांना."

मी हसायचा प्रयत्न केला. सुशांत हसला नाही.

बारा वाजले. एक वाजला. रातकिडे ओरडत होते. पाड्यावर कुत्रं भुंकत होतं.

मग कुत्रं थांबलं.

रातकिडेही.

मी घड्याळ बघितलं नाही. गरज नव्हती.

पाण्यातून पाय उचलल्याचा आवाज आला. चपक... चपक... अनवाणी पाय. बरेच. त्यांच्या मधून बांबू कुरकुरत होता. ओझ्याने वाकलेला बांबू कुरकुरतो तसा. धापा ऐकू येत होत्या. टेकाडावरून खाली... बांधावर... खांबांपर्यंत.

थांबले.

दिसत काही नव्हतं. चांदणंही नव्हतं. पण तिथे माणसं उभी होती, हे मला जसं तुम्ही दोघं इथे बसलाय तसं कळत होतं.

"दादा..."

म्हातारा आवाज नव्हता. कुणा तरुणाचा. मालनचा नवरा असावा.

"दादा... वाट द्या..."

सुशांतने माझा हात धरला. "सांगा साहेब. तुम्ही सांगा त्यांना."

मला सांगायचं होतं. जा, असं एकच अक्षर. आयुष्यभर मी लोकांना हद्दी सांगत आलो, कधी अडखळलो नाही. तोंड उघडलं... आवाज येईना.

"दादा... वाट..."

मी रडत होतो. ओट्यावर बसून. उठता येईना.

बाई कण्हली. एकदाच.

मग बांबू कुरकुरला. पाय वळले. ओहोळाकडे. दूर... दूर...

कुत्रं परत भुंकायला लागलं.

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. उजाडलं. सुशांत म्हणाला, "चला, दाखवतो. महिनाभर रोज बघतोय. म्हणून तुम्हाला बोलावलं."

खांबांच्या पलीकडे चिखलात अनवाणी पावलं. दहा-बारा जणांची, एकमेकांत मिसळलेली. खांबांपाशी येऊन थांबलेली. आत एकही आलेलं नव्हतं.

खांबांच्या अलीकडे, बरोबर मधोमध, बुटांचे दोन ठसे. दोनच. येताना नाहीत, जाताना नाहीत. तोंड पाड्याकडे. रात्रभर कुणी पाय रोवून उभं राहावं, असे.

तुम्हाला माहीत आहे, माझा डावा पाय पाऊण इंच आखूड आहे. शहापूरला मोजणी करताना कड्यावरून पडलो होतो. त्या बुटाला मी चांभाराकडून जाड टाच लावून घेतो. अशी टाच दुकानात मिळत नाही.

डाव्या ठशाला ती टाच होती.

"मोजणीच्या दिवशी हाच ठसा बघितला होता मी," सुशांत म्हणाला. त्याचा आवाज रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं.

मी ओट्यावर परत आलो. माझे बूट ठेवले होते तिथेच होते. कोरडे.

त्यानंतर वेळ कशी गेली, सुशांतने काय केलं, ते मला विचारू नका. तो अजून तिथेच आहे. मी पुन्हा गेलो नाही. धोंडीबाला भेटायला दोनदा कल्याण स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. रात्री मी इथेच झोपलेलो असतो, असं तुझी काकू सांगते. तिने एक वीसला उठून बघितलंय.

गेल्या आठवड्यात सुशांतने मोबाइलवर फोटो पाठवला. खाली काही लिहिलेलं नाही. दोन पावसाळे त्या चिखलावरून गेले, आजूबाजूला कमरेइतकं गवत उभं आहे. ठसे तसेच आहेत. डावी टाच चार बोटं खोल गेली आहे.