चूलबंद आवतन

अंबिका केकची ऑर्डर द्यायला गेली, तेव्हा तिचा राग अजून फक्त नवऱ्यावर होता.

श्रेया आठ वर्षांची होणार होती. तिच्या वर्गातल्या कुणा मुलीचा वाढदिवस गोव्याच्या बीचवर झाला, त्याचे फोटो वर्गभर फिरले आणि तेव्हापासून पोरीनं एकच धोशा लावला होता, मला बीचवर केक कापायचाय. अभयनं चिकलठाण्याच्या कंपनीत सुट्टीचा अर्ज टाकला, दिवेआगरची हॉटेलं बघितली, पोरीला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं आणि दिवस जवळ आला तसं सांगून टाकलं की कंपनीत शटडाऊन निघालाय, फक्त रविवार मोकळा. हे सांगताना तो मोबाइलमध्ये बघत होता. सुट्टी गेल्यापेक्षा अंबिकेला त्याचाच जास्त राग आला.

“समुद्र नाय तर नाय,” ती म्हणाली. “धरणावर, नाथसागराला जाऊ. मे महिन्यात पाणी मागं सरकतं, चांगली वाळू उघडी पडते. पलीकडचा काठसुद्धा दिसत नाय. पोरीला काय कळतंय पाणी खारं का गोडं.”

तिच्या सासूबाई, द्वारकाबाई, गवार मोडत बसल्या होत्या. त्यांचं माहेर म्हणजे जुनं कडेगव्हाण. धरण झालं तेव्हा ते आख्खं गाव पाण्यात गेलं. द्वारकाबाई तेव्हा श्रेयाएवढ्याच होत्या. बैलगाडीत भांड्यांच्या ढिगावर बसून त्या तिथून निघाल्या, आणि उरलेलं गाव नंतर टेकावरच्या नव्या वस्तीत जाऊन बसलं.

“माझ्या माहेराच्या डोक्यावर बसून केक कापणार व्हय?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“पन्नास वर्षं झाली त्याला, आत्याबाई.”

“पाण्याला काय वर्षं कळतेत,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि मोडलेली गवार घेऊन आत निघून गेल्या. घरात मग दोन दिवस भांडी आपटली जात होती. कोण आपटतंय हे विचारायची अभयची हिंमत नव्हती.

अंबिका हट्टाला पेटली होती. तिनं वीस-पंचवीस माणसांचा पुलाव सांगितला, जिलबी सांगितली, कागदी पत्रावळ्या आणल्या, फुगे आणले. नातेवाइकांना फोन केले. सगळे आधी हो म्हणाले. माणसं फोनवर हो म्हणायला काय कमी करतात? मग एकेकाची गळती सुरू झाली. कुणाचं फर्दापूरला लग्न, कुणाच्या पोराचे क्लास, कुणाला ऊन बाधतं. अंबिका वैजापूरची, कांद्याच्या अडत्याची लेक. तिच्या बापाच्या घरी लोकांना जेवायला बोलवायचं म्हणजे चूलबंद आवतन द्यायचं. म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, थोरापासून पोरापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. असं आवतन कुणी मोडत नसे. आणि इथे ती वाटी वाटी पुलावासाठी लोकांच्या मिनतवाऱ्या करत होती.

शनिवारी संध्याकाळी ती आणि अभय जागा बघायला गेले. पाणी खरंच लांब गेलं होतं. उघड्या पडलेल्या पट्ट्यावर जुन्या गावाच्या भिंती गुडघाभर, कमरेभर उभ्या होत्या. एक बोळ सरळ पाण्यात उतरत होता. दोन्ही बाजूंना उंबऱ्यांचे दगड होते आणि एका उंबऱ्यामागे मातीत रुतलेलं जातं. ओल्या गाळाला वास होता, पण नुसता गाळाचा नाही. त्यात विझवलेल्या लाकडांचा वास मिसळलेला होता.

अभय गाडीपाशीच कंपनीच्या फोनवर अडकला. अंबिका बोळातून चालत होती तेवढ्यात तिच्या मोठ्या जावेचा, रत्नमालेचा फोन आला.

“अगं, आमचं काय जमत नाय बघ. एवढ्या उन्हात कोण येतं तिकडं मातीत बसायला...”

अंबिकेनं फोन कापला. तिचे कान तापले होते. नवरा फोनवर, सासू रुसलेली, जाऊ नाक मुरडतेय, आणि उद्या पोरगी पंचवीस पत्रावळ्यांसमोर एकटी बसणार. ती त्या रिकाम्या भिंतींकडे वळली आणि चवताळून ओरडली.

“तुम्ही तरी या! उद्या संध्याकाळी जेवायला. आख्ख्या गावाला चूलबंद आवतन हाय माझ्याकडून. यायचंच, सांगून ठेवते.”

आवाज पाण्यावरून लांब गेला आणि परत आला नाही. मग भिंतींच्या आत कुठेतरी दाराची कडी काढल्यासारखं झालं. तिथे दार नव्हतं. छप्परही नव्हतं. कुणा मासे धरणाऱ्याची होडी दगडाला लागली असेल असं म्हणत ती गाडीकडे निघाली, पण चालताना तिनं मागे वळून पाहिलं नाही.

रविवारी ऊन कलल्यावर चौघं तिथे पोचली. श्रेयानं गळ्याची शपथ घातली म्हणून द्वारकाबाई आल्या होत्या, पण त्या सतरंजीवर पाण्याकडे पाठ करून बसल्या. केक कापला. गाणं म्हणताना तीनच आवाज होते आणि ते फार बारीक वाटले. श्रेया मात्र खूश होती. तिनं वाळूत घर केलं, पाण्यात पाय बुडवले, मग पत्रावळ्यांचा गठ्ठा उचलून ती पाण्याच्या दिशेनं मांडत गेली. समोरासमोर दोन ओळी, लग्नाच्या पंगतीसारख्या. पुलावाचं पातेलं ओढत तिनं सगळ्यांवर वाढलंही. अंबिकेनं तिला अडवलं नाही. एवढं अन्न नाहीतरी वायाच जाणार होतं, आणि त्याचा हिशोब ती मनातल्या मनात रत्नमालेच्या नावावर मांडत बसली होती.

दिवस मावळायला आला. वारा पडला. द्वारकाबाईंनी पहिल्यांदाच मान वळवून पाण्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

“या वक्ताला इथं धूर दिसतो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पाण्यावर... जागोजागी. नव्या गावाच्या टेकावरनं मी किती बार पाह्यलाय. लोक म्हणतेत धुकं हाय. मे महिन्यात कुठलं आलंय धुकं.”

“मग?” अंबिकेनं विचारलं.

“आज नाय.”

मग त्या सुनेकडे वळल्या.

“आज गावात कुणीच चूल पेटवली नाय... अंबिका, तू कुणाला आवतन दिलंस?”

“मी... रागात बोलले. तिथं कुणी नव्हतं, आत्याबाई.”

तेवढ्यात अभयनं पंगतीकडे बोट केलं. वाढलेल्या पत्रावळ्या रिकाम्या होत्या. सगळ्या जागच्या जागी, निपटून खाल्लेल्या, एक शीत उरलं नव्हतं. प्रत्येक पत्रावळीमागे वाळू दबली होती, माणूस मांडी घालून बसावा तशी. पाण्याजवळच्या टोकाला काही खळगे लहान होते, पोरांचे असावेत तसे.

“कुत्री असतील,” अभय म्हणाला.

“श्रेया!” अंबिका पोरीवर धावून गेली. भीती वाटली की तिला आधी रागच यायचा. “कुठं सांडलंस सगळं? एवढं अन्न...”

“मी नाही सांडलं. त्यांनी खाल्लं.”

“कुणी?”

“सगळ्यांनी. ही आजी तर दोनदा भात मागत होती.” श्रेयानं द्वारकाबाईंच्या शेजारच्या मोकळ्या सतरंजीकडे हात केला.

अंबिकेनं सासूकडे पाहिलं. नळ दुरुस्त करायला माणूस आला तरी द्वारकाबाईंचा डोक्यावरचा पदर कधी ढळत नसे. लग्न होऊन आल्यापासून अंबिकेनं त्यांचे केस उघड्यावर पाहिले नव्हते. आता तो पदर खांद्यावर पडला होता आणि त्या सावरत नव्हत्या. माहेरच्या माणसांत लेकीला डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही. त्यांचा चेहरा एकदम लहान दिसत होता, आणि त्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून काहीतरी हळूहळू बोलत होत्या.

सामान तिथेच टाकून ते निघाले. बिडकीन मागे पडल्यावर श्रेया म्हणाली, “त्यांनी आपल्यालापण बोलवलंय. घरातल्या सगळ्यांना. चूल पेटवू नका म्हणाले.”

“गप बस,” अंबिका म्हणाली. “एकदम गप.”

सोमवारी सकाळी गॅस पेटला नाही.

लायटरची ठिणगी पडत होती, गॅसचा वास येत होता, काडी हातात जळत होती, पण बर्नरजवळ नेली की विझत होती. टाकी बदलली, तरी तेच. इंडक्शन लावलं तर मेन स्विच पडला. अभय खाली टपरीवर चहा आणायला गेला आणि रिकामा थर्मास घेऊन परत आला.

“मी उभा राह्यलो आणि त्याचा स्टोव्ह गेला,” तो म्हणाला. “म्हणला, साहेब, तुम्ही जरा बाजूला व्हा... बाजूला झालो तर पेटला.”

द्वारकाबाई आवरून बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, पदर खांद्यावर. “जेवायला जायला लागंल,” त्या म्हणाल्या. “आपण त्यांना जेवू घातलं. आता ते घालतेत. रीतच हाय.”

“कुणी कुठं जाणार नाय.”

“मी एकटी जाऊन येते. माझं माहेर हाय ते.”

“आणि आवतन एकट्या तुम्हालाच हाय का?” अंबिकेचा आवाज चढला. “आज तुम्ही जाल, उद्या पोरीला न्यायला येताल. मला कळत नाय का?” तिनं बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि स्वयंपाकघरात जाऊन थंड शेगडीसमोर उभी राहिली. “पोटभर खाल्लंत ना माझं? मग माझ्या घरातला जाळ कशाला अडवता? मी रागात बोलले, चुकले. पण माझी पोरगी तिकडं येणार नाय. काय करायचं ते करा.”

घरात मग ब्रेड, फरसाण आणि पार्सलचं गारढोण जेवण सुरू झालं. कुलूप फक्त अभयला कामावर जाता-येता उघडायचं, तेही अंबिकेच्या हातानं. तिनं स्वतः दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या नोकरीवर रजा टाकली. रात्री ती पोरीला कुशीत घेऊन दाराशी गादी टाकून झोपायची. श्रेया कशालाच तोंड लावत नव्हती. भूक नाही म्हणायची. तरी पोरगी सुकली नाही, उलट तिच्या गालांवर तजेला आला होता. द्वारकाबाई कुणाशी बोलत नव्हत्या. राग असा की दोघी एकाच खोलीत बसून एकमेकींना दिसत नसल्यासारख्या वागत होत्या.

आणि एका सकाळी, सवयीनं लायटर दाबला तर शेगडी भक्कन पेटली.

अंबिका निळ्या जाळाकडे बघत उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. सुटलो आपण. कंटाळले असतील, सोडून दिलं असेल. तिनं चहाचं आधण ठेवलं, सासूसाठी साखर जास्त घातली, आणि कित्येक दिवसांनी तिला कुणाचाच राग आला नाही.

चहा उकळत असताना बाहेर दारापाशी पितळ फरशीवर टेकल्यासारखा आवाज झाला.

तिनं कुलूप काढलं. जिन्यात कुणी नव्हतं. उंबऱ्याजवळ एक मोठं जुनं पितळी ताट होतं, ओल्या पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं. फडक्यातून वाफ येत होती, आणि वासही, गाळाचा आणि चुलीच्या धुराचा.

द्वारकाबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “आवतन देऊन पाहुणा आला नाय तर ताट पोचतं करायचं असतं,” त्या म्हणाल्या. “आता ते शांत झाले. घे आत.”

हे अंबिकेलाही ठाऊक होतं. तिच्या वडिलांच्या घरून अशी झाकली ताटं तिनं स्वतः पोचवली होती, ज्या घरात जितकी माणसं तितकं मोजून वाढलेली. तिनं फडकं उचललं. ताटात ज्वारीच्या भाकरी होत्या, पिठलं होतं, कांदा होता. तिनं भाकरी मोजल्या. परत मोजल्या. तीन होत्या.

आणि इतकं सगळं होऊनही तिच्या डोक्यात सणक गेली.

“तीनच?” ती म्हणाली. “घरात चार माणसं हायेत. माझ्या लेकराला विसरले व्हय?”

श्रेया डोळे चोळत उठून आली होती. तिनं ताटात डोकावून पाहिलं.

“माझी तिथं असते ना, आई,” ती म्हणाली. “मी रोज तिथंच जेवते.”