तेहतिसावं घर

लेबर डेच्या सुट्टीच्या दुपारी टेक्सासमधल्या अर्विंगच्या किराणा दुकानात ज्ञानदाने फळीवरून जवसाच्या चटणीची बरणी उचलली आणि लेबल वाचता वाचता ती जागच्या जागी थबकली.

जवस चटणी. 01 सप्टेंबर. आणि लगेच त्याच ओळीत पुढे — ‘तिखट जास्त. देवांग, आज तरी तिच्याशी बोल.’

आता दुसरं कोणी असतं तर हसून बरणी बास्केटमध्ये टाकली असती. पण ज्ञानदाचा स्वभाव पहिल्यापासून चौकस. नागपूरला असताना शेजारच्यांच्या कुकरच्या तीनाऐवजी चार शिट्ट्या झाल्या, तरी हिला कारण हवं असायचं. इथे तर तारखेमागचं सालच गायब, आणि त्याच्या जागी हा कोण देवांग! त्याने कोणाशी बोलायचं? आणि ते आपल्या चटणीवर का म्हणून?

ही फळी होती नंदाकाकूंची. दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांचं छोटं स्वयंपाकघर होतं. फोनवर ऑर्डर दिली की काकू नावाने बरणी भरून ठेवायच्या. ज्ञानदा एरवी दर शनिवारी यायची, बरणीच्या झाकणावर दोन टिचक्या मारायची आणि घेऊन जायची. तीन वर्षं अर्विंगमध्ये काढली, पण तिची मराठीतली सगळी गप्पाष्टकं म्हणजे एवढी एक भेट. परवा आईला ती फोनवर म्हणालीसुद्धा, “दुसऱ्या राज्यातली ती अ‍ॅशबर्नची नोकरी घेऊनच टाकते. इथे थांबायला कारण तरी काय आहे?” होकार कळवायची मुदत उद्या दुपारपर्यंत होती.

तेवढ्यात पडदा सारून एक उंच तरुण हातात खोकं घेऊन धावत आला आणि फळीवरच्या बरण्या भराभरा खोक्यात टाकू लागला. तिच्या हातातली बरणी त्याला दिसली... आणि तो कानापर्यंत लाल झाला.

“ती — प्लीज — ती नको वाचू.”

“वाचून झाली,” ज्ञानदा म्हणाली.

“ओह.” त्याने खोकं खाली ठेवलं. पुन्हा उचललं. “हाय. मी —”

“देवांग. लिहिलंय इथे.”

त्याला हसू आवरेना, आणि हसल्यावर त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. ज्ञानदाने ती बघितली आणि बघितलीच नाही असं दाखवलं.

मागून नंदाकाकू आल्या. डोक्याला हात लावून त्या म्हणाल्या, “काय गं हे, ज्ञानदा! मी प्रत्येकाच्या ऑर्डरीत आपली एक टीप लिहून ठेवते, आमच्यापुरती. ती कधी छापून येत नाही. आज सगळ्यांचीच आली! शंकररावांच्या लोणच्यावर बघ — ‘बायकोला चोरून नेतात.’ आता त्यांची बायकोच घ्यायला येणार आहे गं!”

“मॉम, चिल. मी फिक्स करतोय.”

“कधीचा करतोय,” काकू म्हणाल्या. “सकाळपासून!”

लेबलचा प्रोग्राम त्याचाच होता. देवांग जन्मला टेक्सासमध्ये, हायस्कूलच्या मुलांना बँड शिकवायचा, ट्रम्पेट वाजवायचा. कॉलेजात शिकलेली सी भाषा हाताशी होती म्हणून आईच्या जुन्या प्रिंटरला त्याने ती कामाला लावली होती. मे महिन्यात काकूंनी हट्ट धरला की तारीख मराठीत हवी. त्याने तीही करून दिली.

“मला बघू दे,” ज्ञानदा म्हणाली. लिफ्ट चालवणाऱ्या छोट्या यंत्रांचे प्रोग्राम ती सी भाषेतच लिहायची. तिला आता राहवेना.

मागच्या खोलीत शेंगदाण्याच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला होता. दोघं दोन उलट्या बादल्यांवर बसली. पलीकडे काकू जवस भाजत होत्या आणि खमंग वास सुटला होता. त्याच्या बाहीला पीठ लागलंय, हे तिला का दिसावं? पण दिसलं.

“मे, जून, जुलै, ऑगस्ट — ऑल गुड,” तो म्हणाला. “आज सकाळी सप्टेंबर आला अँड बूम.”

“तारखेला जागा किती ठेवलीस?”

“थर्टी-टू. भरपूर आहे, यार. इंग्लिशमध्ये सप्टेंबर नऊ लेटर्स. मराठीत मी मोजले...” त्याने बोटांवर मोजून दाखवलं. “स, प्टें, ब, र. चारच! म्हणजे अजून स्पेस उरणार ना?”

ज्ञानदा इतकी मोकळी हसली की काकूंनी झारा थांबवून वळून पाहिलं.

“वेड्या, तू बाराखडी म्हणतोस तसं मोजलंस. कॉम्प्युटर तसं मोजत नाही. अक्षर वेगळं, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडला तर तोही वेगळा. आणि मराठीतल्या प्रत्येकाला मेमरीतली तीन तीन घरं लागतात. सप्टेंबरमध्ये अशी आठ, म्हणजे झाली चोवीस. दिवस, साल आणि मधल्या दोन मोकळ्या जागा मिळून आठ. किती?”

“थर्टी-टू.” त्याचा चेहरा उजळला. “फिट होतंय की!”

“आणि मजकूर इथे संपला हे सांगणारी खूण? तिला कुठे बसवशील?”

तो हळूच म्हणाला, “तेहतिसावं घर...”

“ते नाही म्हणून साल लिहिलंच गेलं नाही. शेवटाची खूणही पडली नाही. प्रिंटर बापडा वाचत वाचत शेजारच्या घरात शिरला, आणि शेजारी काकूंची टीप होती.”

“पण मग त्याने मला सांगायला हवं होतं ना? एरर वगैरे?”

“सांगितलं ना. तारीख मावली नाही की ती लिहिणारं फंक्शन शून्य परत देतं. उत्तर येतं, देवांग. तू विचारून बघितलंच नाहीस.”

तिने जागा ऐसपैस वाढवली. मग दोन ओळी लिहिल्या: शून्य आलं तर छापायचंच नाही, थांबायचं आणि माणसाला सांगायचं. तो शेजारी वाकून बघत होता. तिच्या कानातलं हललं तसे त्याचे डोळेही हलले.

“एक विचारू?” ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. “तिच्याशी... म्हणजे कोणाशी बोलायचं होतं?”

“ते... मॉमचं काहीतरी असतं.”

“अस्सं.”

“ती झाकणावर दोनदा टॅप करते,” तो भिंतीकडे बघत पुटपुटला. “दर सॅटर्डेला. ऐकू येतं इथे.”

ज्ञानदाच्या छातीत धडधडलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला — अ‍ॅशबर्नहून आठवण करून देणारी मेल. त्याचीही नजर त्यावर गेली.

“नोकरी आहे,” ती म्हणाली. “उद्यापर्यंत कळवायचंय. बहुतेक... जाईन.”

बोल की रे आता, तिचं मन म्हणत होतं. एक शब्द बोल.

“अ‍ॅशबर्न नाइस आहे,” देवांग म्हणाला. “खूप डेटा सेंटर्स आहेत.”

हे एवढंच! ज्ञानदा उठली. नवं लेबल निघालं: 01 सप्टेंबर 2025, आणि पुढे काही नाही. स्वच्छ, नेटकं, अगदी जसं हवं तसं. ते पाहून तिला रडू यावं असं वाटलं. दुरुस्ती तिनेच केली होती, आता तक्रार कोणाकडे करणार? बरणी उचलून काकूंना “येते” म्हणत ती बाहेर पडली.

पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. गाडीत बसून तिने मेल उघडली. ‘मला ही नोकरी...’ इथवर इंग्रजीत लिहून झालं आणि बोट अडलं. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीचं कारण शोधणारी ती, स्वतःच्या धडधडीचं कारण न विचारताच निघाली होती की!

काचेवर दोन टिचक्या पडल्या.

देवांग उभा होता. हातात बरणी नव्हती, कागद नव्हता. फक्त धाप लागली होती. तिने काच खाली केली.

“तिच्याशी म्हणजे तुझ्याशी,” तो म्हणाला. “चार महिने ठरवतोय. मी शनिवारी मुद्दाम मागे बसतो, पुढे यायचा धीर होत नाही म्हणून. तू जाऊ नको असं सांगायचा मला राइट नाही, आय नो. पण... तू मला आवडतेस. थांबशील? झीरो आलं तरी चालेल. पण मी विचारतोय. मी चेक करतोय.”

ज्ञानदाने त्याच्याकडे पाहिलं. बाहीवर पीठ तसंच होतं.

“शून्य नाहीये,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला. “मलाही रे... तुझी ती खळी आवडली. पण नोकरीचं मी एका दुपारीत ठरवणार नाही. त्यांच्याकडे महिनाभराची मुदत मागते.”

“आणि नाही दिली तर?”

“तर त्यांचं नशीब.”

“महिना पुरेल?” त्याने घाबरत विचारलं.

“लागेल त्याहून थोडी जास्तच जागा ठेवावी, मघाशी काय शिकवलं?” तिने मेलमधलं वाक्य पुसलं, दुसरं लिहिलं आणि पाठवून दिलं. मग शेजारच्या सीटवरची बरणी उचलून मांडीवर घेतली. “बस. आणि एसी लावलाय, दार लवकर लाव.”