अंदमानच्या दोन जागा

सोमेश्वरची आणि माझी पहिली भेट एका शेळीच्या पायाशी झाली, आणि त्या भेटीत तो चक्कर येऊन पडला. हे तो आजही कबूल करत नाही.

डिसेंबरातली दुपार होती. मी पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे गुराढोरांच्या दवाखान्यात कामाला. गावोगावचे लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात. बीडहून लसीचा डबा घेऊन स्कूटीवर नांदूरघाटला परत निघाले होते. मांजरसुंब्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक मिनीबस तिरपी उभी होती. खिडक्यांतून पंधरा-वीस म्हाताऱ्या माना बाहेर आलेल्या, आणि खाली आप्पाराव मेंढपाळाने एका उंच तरुणाची गचांडी धरलेली.

"आंधळा हाईस का बे? गाभण शेळी हाय माझी!"

"मामा, ब्रेक मारलता की मी... तीच आडवी आली..."

मी स्कूटी लावली. शेळीच्या मागच्या पायाचं कातडं फाटलं होतं, पण हाड शाबूत होतं.

"आप्पाराव, सोडा त्यांना. आन् तुमी — हो, तुमीच — शेळीचे पाय धरा. घट्ट."

"मी?"

"मग काय, बसमधल्या आज्जीला बोलवू?"

त्याने पाय धरले. पहिल्या टाक्याला त्याने आभाळाकडे पाहिलं. दुसऱ्या टाक्याला माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. तिसऱ्या टाक्याला तो हळूच शेळीच्या शेजारी आडवा झाला.

तोंडावर पाणी मारल्यावर त्याने डोळे उघडले. "शेळी हाय का?"

"हाय. तुमच्यापेक्षा बरी हाय."

तो लाजून हसला. उजव्या गालाला खळी पडली, आणि मी उगीचच डब्याचं झाकण दोनदा लावलं.

बस त्याचीच होती. वडिलांची यात्रा कंपनी, हा गाडीही चालवायचा आणि लोकही सांभाळायचा. बसच्या अंगावर ठिकाणांची भली मोठी यादी रंगवलेली होती. चारधाम, गिरनार, काशी, रामेश्वर. मी यादी खालपर्यंत वाचली.

"अंदमानला नेता का?"

"अंदमानला?" तो विचारात पडला. "तिथं कोणाचं देवस्थान हाय?"

"देवस्थानाला न्हाई जायचं मला. समुद्र हाय तिथं, बेटं हायेत. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीनं जायचं, वाळूत बसायचं आन् परत यायचं."

"नुसतं... बसायचं?"

"नुसतं बसायचं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच जगात पहिल्यांदा ही कल्पना काढली आहे. मग म्हणाला, "नेतो की!"

आता माझा हट्ट सांगते. सातवीत शाळेची सहल निघाली तेव्हा माझे वडील म्हणाले, "लग्न झाल्यावर जा कुठं जायचं तिकडं, नवऱ्याबरोबर." वडिलांचं नाव मोहनराव, गावचे माजी सरपंच. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीसुद्धा. बारावीत तेच. डिप्लोमाला असताना मैत्रिणी गोव्याला गेल्या तेव्हाही तेच. आमच्याकडच्या कुठल्याही पोरीला विचारा, हे वाक्य तिच्या तोंडपाठ असतं. मी सव्वीस वर्षांची झाले, नोकरी लागली, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू ओढायला लागले, तरी वाक्य बदललं नाही. म्हणून मी ठरवून टाकलं होतं. लग्नाच्या आधी अंदमान बघायचं. कुणाची बायको म्हणून नाही, तेजश्री म्हणून बघायचं. फेब्रुवारीत जायचं, सोबत माझी मैत्रीण सुकन्या. रजासुद्धा मंजूर करून घेतली होती.

शेळीचे टाके काढायच्या दिवशी सोमेश्वर आप्पारावांच्या मेंढवाड्यावर माझ्या आधीच हजर. हातात घडी घातलेला मोठा कागद. त्यावर अंदमानचा बेत.

रोज पहाटे चारला उठणे. साडेचारला सामुदायिक आरती. सोबत आचारी, गॅसची शेगडी आणि ज्वारीच्या पिठाची दोन पोती. आणि बेटांचा क्रम मोठा गमतीचा. जे जवळ ते शेवटी, जे लांब ते मध्येच.

"ही बेटं अशी उलटीपालटी कावून फिरवलीत?"

"उलटी न्हाईत मॅडम. सगळी उजवी घातलीत," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "प्रदक्षिणा उजवीच असती."

"हे बोटवाल्याला सांगितलंय का?"

मी इतकी हसले की शेळी दचकून उठली आणि पळाली. दुखरा पायही नीट टेकवत होती, म्हणजे जखम भरली होती. सोमेश्वरला राग आला नाही. त्याने कागद फिरवला, खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "सांगा मग. तुमाला कसं पायजे?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. साडीच्या रंगापासून कॉलेजपर्यंत सगळं मला सांगण्यात आलं होतं.

मग आमचं भेटणं सुरू झालं. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर, भर दुपारी, चार लोकांत. टेबलावर कांद्याची फोड म्हणजे हॅवलॉक बेट, लिंबाची फोड म्हणजे नील बेट, आणि मिठाची वाटी पोर्ट ब्लेअर. त्याने हैदराबादच्या एजंटाला फोन करकरून बोटींच्या वेळा मिळवल्या. पिठाची पोती रद्द झाली. पहाटेची आरती मात्र तो सोडायला तयार नव्हता.

"सूर्योदय बघायचा न्हाई का?" तो म्हणाला.

"बघायचाय. पण आरती कावून?"

"मग नुसतं उभं राहून काय करनार?"

"सोमेश्वरराव, तुमी कधी नुसते उभे राहिलात का हो?"

त्याने मिठाची वाटी उगीच इकडची तिकडे केली. मी ती परत जागेवर ठेवायला गेले... आणि त्याचा हात तिथेच होता. दोघांनीही काढला नाही. ढाबेवाला रोट्या घेऊन आला तेव्हा पोर्ट ब्लेअर हललं.

"रामेश्वरला वीस खेपा गेलतो मी," तो हळू आवाजात म्हणाला. "पण समुद्रात उतरलो न्हाई. लोक स्नानाला जातात, मी काठावर त्यांच्या पिशव्या सांभाळीत बसतो. तोंड पिशव्यांकडं, पाठ समुद्राकडं."

"एकदापण न्हाई?"

"पिशव्या कोणाकडं देऊ?"

तो मला आधीपासून आवडत होता, हे खोटं कशाला बोलू? पण त्या वाक्याला माझं ठरलं. हाच. दुसरा कुणी नाही. घरी जाताना वाटेत एका वासराला लस टोचली तेव्हासुद्धा मी हसत होते. वासराची मालकीण म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आज लई खुशीत हायसा!"

जानेवारीत तो आमच्या शेतात हुरडा खायला आला. नाव दादांना भेटायचं. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होती, आई सुपात गरम दाणे चोळत होती, आणि हा पठ्ठ्या दादांशी ट्रॅक्टरवर बोलता बोलता डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होता. दादांना तो आवडला. आईने त्याच्या हातावर हुरडा ठेवला आणि विचारलं, "समुद्राचं पानी खरंच निळं असतं का रं?" तो म्हणाला, "काकू, काठाला हिरवं असतं म्हणं, आन् आत गेलं की निळं." आई मान हलवून परत दाणे चोळायला लागली.

आणि मग सुकन्याचं लग्न ठरलं. सासरच्यांनी तिला सांगितलं, आता कशाला, लग्न झाल्यावर जा.

एजंटाकडे दोन जागा धरलेल्या होत्या. सोमवारी दुपारपर्यंत नावं कळवायची होती. ढाब्यावर सोमेश्वरने कांद्याची आणि लिंबाची फोड शेजारी शेजारी ठेवली.

"दुसऱ्या जागेवर... कोण?" त्याने विचारलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

तू, असं ओठांवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण तो आला तर आधी लग्न लावतील, आणि मग मी जाईन ती त्याच जुन्या वाक्याच्या बोटाला धरून.

"कोणी न्हाई मिळालं तर एकटी जाईन," मी म्हणाले.

त्याने बेताचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "तुमी जानार," तो म्हणाला. "बाकी माझ्यावर सोडा."

सोमवारी दहाच्या सुमारास आमच्या बैठकीत जाजम पडलं. दादांनी सोमेश्वरला आणि त्याच्या वडिलांना, परमेश्वरकाकांना, बोलावून घेतलं होतं. मला फोन करून दवाखान्यातून बोलावलं. आत शिरले तर दादांचा चेहरा नुसता फुललेला.

"तेजश्री, ये, बस. आमी काय आंधळे न्हाईत. ढाब्यावर काय शिजतंय ते समदं गावाला दिसतंय. पोरगं चांगलं हाय. येत्या शुक्रवारी लगीन उरकून टाकू, घरच्या घरी. आन् मग जा दोघं अंदमानला. एक जागा रिकामीच हाय न्हवं? आता तर झालं तुझ्या मनासारखं?"

सगळे हसले. मी सोमेश्वरकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात मला हवा असलेला एकुलता एक माणूस समोर बसला होता, हो म्हटलं की माझा होता. आणि मला रडू येत होतं.

"दादा, लग्नाआधी जायचंय मला."

"आगं, चार दिवसांचा तर फरक हाय!"

"तेवढाच फरक पायजे मला."

दादांचा चेहरा उतरला, मग तापला. "मग कुठंच जायचं न्हाई. काय हो जावईबापू, सांगा तुमीच हिला. दुसरी जागा तुमचीच हाय."

सोमेश्वरने मान खाली घातली. त्याला यायचं होतं. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, किती यायचं होतं ते. मग त्याने मान वर केली.

"दादा, नावं मी सकाळीच कळवली."

"कोणाची?"

त्याने खिशातून कागद काढला. तोच तो, घडी पडून पडून मऊ झालेला. "पहिलं नाव तेजश्री मोहनराव." तो थांबला. "दुसरं, रतनबाई मोहनराव."

दादांना क्षणभर ते नाव ओळखूच आलं नाही. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती उंबरा ओलांडून आत आली.

"मीच सांगितलं त्याला," आई म्हणाली. "माझं आधार कार्डबी मीच दिलं."

"तू?" दादा उठून उभे राहिले. "तुला कावून जायचंय?"

"तुमीच म्हनता न्हवं, लग्न झाल्यावर जा?" आईने ट्रे खाली ठेवला. "माझं लगीन होऊन तीस वर्सं झाली."

दादा परत जाजमावर बसले. परमेश्वरकाकांनी चहाचा कप उचलला आणि कपातच बघत बसले. शेवटी त्यांनीच घसा खाकरला. "मग... सोयरिकीचं काय समजायचं आमी?"

"सोमेश्वरनं मला अजून विचारलं न्हाई, काका," मी म्हणाले. "विचारील तेव्हा उत्तर त्याला देईन. बैठकीला न्हाई."

सोमेश्वरच्या गालाला ती खळी पडली, आणि त्याने ती लपवायला कागद तोंडापुढे धरला.

दादा तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आईपुढे आवळासुपारीची पुडी ठेवली. "बोटीत मळमळतं म्हनं," एवढंच म्हणाले आणि शेतात निघून गेले.

निघायच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला हैदराबादची गाडी मांजरसुंब्याला लागली. उसाचे ट्रॅक्टर चौकातून कुरकुरत जात होते, हवेत फोडणीचा आणि डिझेलचा वास होता. सोमेश्वरने आमच्या बॅगा वर चढवल्या, आईला खिडकीची जागा दिली, आणि खाली उतरून मला सूचना द्यायला लागला. पाण्याची बाटली, ओळखपत्र, बोटीची वेळ, दुसऱ्या बोटीची वेळ...

"सोमेश्वर."

मी पहिल्यांदाच नुसत्या नावाने हाक मारली. तो थांबला.

"तुला काही विचारायचं होतं न्हवं मला?"

"आत्ता?" त्याने गाडीकडे पाहिलं. इंजिन चालू झालं होतं. "गाडी सुटतीय..."

"म्हणूनच आत्ता. माझा एक पाय गाडीत हाय. आता मला कोणी थांबवू शकत न्हाई, आन् कशाच्या बदल्यात काही मागूबी शकत न्हाई. आता जे बोलीन ते फक्त माझं असंल."

त्याने चौकाकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वीस खेपा रामेश्वर केलेला माणूस, आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

"तेजश्री... माझ्याशी लगीन करशील?"

"हो," मी म्हणाले. "लई आवडतोस तू मला. पहिल्या दिवसापासून, शेळीशेजारी पडलास तवापासून."

"मी पडलो नव्हतो. बसलो होतो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

क्लीनरने दार थोपटलं. मी वर चढले. गाडी हलली तेव्हा तो चौकात हात वर करून उभा होता आणि मागचे हॉर्न त्याला ऐकू येत नव्हते.

आई खिडकीला टेकून बसली होती. "काय म्हनला गं?"

"लग्न करू म्हणला."

"आन् तू?"

"हो म्हणले."

"बरं केलंस." आईने पदर खोचला, चपला काढल्या आणि पाय सीटवर घेतले. असे तिने घरात कधी घेतले नव्हते. "पन आता आठ दिवस त्याचं नाव काढू नको, दादांचंबी काढू नको. आपन सुट्टीवर हाय."

मी शपथेवर कबूल केलं. तासाभरावरचं केज येईपर्यंत जेमतेम जमलं.