दोरीचं दुसरं टोक

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण गोदूबाई म्हणजे माझी सख्खी मावशी, आणि त्या बाईला थापा मारायला जन्मात कधी सवड मिळाली नाही.

साल १९५८. पौष महिना. पोलादपूरच्या वरच्या अंगाची एक वाडी.

तिची धाकटी जाऊ तुळसा बाळंतपणात गेली. मागे एवढीशी पोर राहिली. पोरीला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायचं, दोन म्हशींचं बघायचं, घरादाराच्या भाकऱ्या थापायच्या... सगळं गोदूबाईच्या गळ्यात पडलं.

त्यात ताकाचा डेरा. चांगला थोरला. रवीच्या दोरीचं एक टोक गोदूबाईनं ओढायचं, दुसरं समोर बसून तुळसेनं. पाच वर्षं असंच चाललेलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गोदूबाई एकटीच घुसळायला बसली. दोन्ही टोकं आपल्याच हातात. लोणी काही येईना. खांदे भरून आले.

सवयीनं तोंडून निघून गेलं, "तुळसे, ओढ गो. माझं हात गळालं."

आणि एक टोक हातातून सुटलं...

खाली पडलं नाही.

समोरून ओढलं गेलं.

घर्रर्र... घर्रर्र... रवी फिरू लागली. समोरचा पाट रिकामा.

तुम्ही म्हणाल, पळाली कशी नाही? अहो, घाबरायलासुद्धा अंगात जोर लागतो. तो कुठं उरला होता? तिनं ओढलं, की समोरून ओढलं जायचं. बघता बघता लोणी वर आलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

मग तिच्या ध्यानात आलं... रवी फिरते तोवर पाळण्यातली पोर रडत नाही. हूं नाही की चूं नाही.

चौथ्या पहाटे ती दोरी टाकून मध्येच उठली. पाळण्यात हात घातला.

पोर गार. ओठ निळे. श्वास असून नसल्यासारखा.

मागे रवी चालूच होती... आता तर एकही टोक तिच्या हातात नव्हतं.

गोदूबाईनं पोरीला पोटाशी धरलं आणि ओरडली, "जा गो बाय! हिला मी बघन. जीव गेला तरी बघन. तू जा!"

रवी थांबली.

बऱ्याच वेळानं पोर रडली.

पोर जगली. सासरी गेली, आता तिला नातवंडं आहेत. गोदूबाईनं पुढं तीस वर्षं तो डेरा एकटीनं घुसळला. त्यानंतर समोरून कुणी ओढलं नाही.

शेवटच्या आजारात मला म्हणाली, "पोर थंडीनं गारठली आसंल गो. ती बिचारी लेकीजवळ बसाया येत व्हती. माझी दमणूक बघून हातभार लावत व्हती... आणि मी तिला हाकललं."

मग माझ्याकडे कूस वळवून म्हणाली,

"का... न्यायलाच आली व्हती?"

मी तिचे खांदे चेपत बसले.