पखाल्याची पाठ

ऑक्टोबरच्या काहिलीत पखाल्या पुन्हा अर्ध्या चढावर बसला, तेव्हा त्याच्यासोबत चढणारी शाल्मलीही थकून गेली होती. पखाल्या म्हणजे वरच्या वाडीला झऱ्याचं पाणी पोचवणारा यंत्रमानव. पोटात टाकी, पाठीवर सौरपत्रा. दसऱ्याआधी तो हसतखेळत वर जायचा. आता त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. "बसतो जरा, ताई," म्हणायचा आणि बसला की उठायचं नाव नाही. मग शाल्मली कळशीने पाणी वर न्यायची. आठवड्यात सुधारला नाही तर भंगारात काढू, असं सरपंचांनी सांगून टाकलं होतं. त्या विचारानेच तिला रडू यायचं.

कोडं असं, की ऊन तेच, आभाळ निरभ्र आणि पत्रा तर पूर्वीपेक्षा लख्ख. मग दुखणं कुठलं?

शेवटी तिने आबांना गाठलं. पखाल्याला घडवणारे शास्त्रज्ञ हेच, तिचे आजोबा. उभा जन्म कामात गेलेला. आता वाकायलाही भिंतीचा आधार लागे. त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवलं, कोपऱ्यातलं वाळलेलं हळदकुंकू पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"खंडेनवमीला हा घासला कुणी?"

"मीच. राखेने. करपलेल्या तव्यासारखा काळा झाला होता, आबा. पूजेला तसाच कसा ठेवायचा?"

आबा रागावले नाहीत. रागवायलाही त्राण लागतं. त्यांनी तिला शेजारी बसवून समजावलं, की तो काळेपणा म्हणजे मळ नव्हताच. सिलिकॉन (वाळूतून मिळणारं, उन्हाची वीज करणारं मूलद्रव्य) मुळात चकचकीत. आणि चकाकतं ते प्रकाश परत फेकतं. तिसरा हिस्सा ऊन तिथेच वाया. म्हणून आबांनी त्यावर नॅनोसुया (नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजाव्या लागणाऱ्या सुया) कोरल्या होत्या. केसाच्या जाडीत अशा शेकडो मावतील. टोकाला निमुळत्या, बुडाशी जाड. त्यामुळे हवा कुठे संपली आणि सिलिकॉन कुठे सुरू झालं, हे प्रकाशाला कळतच नाही. तो न परतता आत शिरतो. परतणारा प्रकाशच नाही, म्हणून पत्रा काळा दिसतो. राखेने घासल्यावर त्या सुयाच झिजून गेल्या होत्या.

शाल्मलीने लख्ख पत्र्यावरून हात फिरवला. "म्हणजे चमकत होतं ते त्याचं वाया चाललेलं जेवण?"

"हो, पोरी. चल, पुन्हा वाढू त्याला."

 मग प्रयोगशाळेतल्या बंद पेटीत, रसायनाच्या मदतीने, आबांनी सुया पुन्हा कोरल्या. तापमान वाचून दाखवायचं काम शाल्मलीचं.

आठवडा संपला त्या दिवशी ती वरच्या वाडीत, रिकाम्या हंड्यांपाशी थकून बसली होती. सवयीने चढावर चकाकी शोधत राहिली. कुठेच दिसेना. मग काळ्या कातळामागून काळाच पखाल्या येऊन समोर उभा राहिला आणि त्याने टाकीची तोटी सोडली. शाल्मलीने एकेक हंडा तोटीखाली सरकवला.

"पुढच्या खंडेनवमीला तुला नुसतं झेंडूचं फूल," ती म्हणाली.

"चालेल, ताई. पण पाठीवर नको. सावली पडते."