सतरा तारखेची मोकळी जागा

पहिल्याच भेटीत तिने त्याला हमाल समजून कामाला लावलं, हे तो आजही चारचौघांत रंगवून सांगतो. आणि ती आजही त्या क्षणी बरोब्बर चहा आणायला उठते.

झालं असं, की थंडीतल्या एका सकाळी छापखान्याच्या दारात कागदाची गाडी आली होती. बाबा मशीनला तेल घालत होते आणि दारात एक सडसडीत मुलगा उगाचच घुटमळत होता. तिला वाटलं, गाडीबरोबरचाच. तिने त्याच्या हातांवर एक गठ्ठा ठेवला, मग दुसरा, वर कोपरे दुमडू नका म्हणून दटावलंसुद्धा. त्याने सहाच्या सहा गठ्ठे निमूटपणे आत नेले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"मी नगरपालिकेतून आलोय. कॅलेंडरची यादी द्यायला."

तिला कुठे तोंड लपवू असं झालं. त्यात त्याच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर तिच्या अंगठ्याचा लालभडक ठसा.

"निघेल ना हा?"

"नाही," ती खरं तेच बोलली. "छापखान्याची शाई आहे."

"मग... राहू दे," तो म्हणाला आणि हसला. गालातल्या गालात, डोळ्यांपर्यंत पोचणारं हसू. बस, सगळा घोटाळा तिथेच झाला.

नगरपालिकेचं भिंतीवरचं कॅलेंडर दरवर्षी बाबाच छापायचे. सुट्टीचे दिवस लाल, बाकीचे काळे. शाळा, कचेऱ्या, बाजार, सगळं गाव त्या लाल आकड्यांवर चालायचं. पण त्या वर्षी एका लहानशा समाजाने अर्ज दिला, की आमच्या मोठ्या सणाचा दिवसही लाल करा... मार्चमधली सतरा तारीख. एवढंच. पण गावात ठिणगी पडली. कोणी म्हणे, आज एक मागतायत, उद्या दहा मागतील. कोणी म्हणे, सगळ्यांचेच लाल करा. कोणी म्हणे, कोणाचेच नकोत, म्हणजे कटकट मिटली. एकमेकींकडे वाटीभर साखर मागणाऱ्या शेजारणी खिडक्या लावून घ्यायला लागल्या. दर सभेत यादी बदलायची आणि दर चार दिवसांनी ती घेऊन यायचा तोच, नगरपालिकेतला सगळ्यांत नवा कारकून.

"या, यादीवाले," ती म्हणायची. "आज कोणाचा सण गेला?"

"गेला नाही, रजेवर आहे," तो म्हणायचा.

गाव भांडत होतं, आणि इथे खुशाल चहाचे कप रिकामे होत होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, कसे वाचायचे, हे तिने त्याला शिकवलं. त्याला ते आठवडाभर जमेना. जमलं, तेव्हा त्याने खिळ्यांत तिचं नाव जुळवलं आणि घाईघाईने मोडूनही टाकलं. तिने पाहिलं नाही, असं त्याला अजून वाटतं.

तिसऱ्या यादीत सतरा तारीख लाल होती. खाली नगराध्यक्षांची सही. त्या आकड्यावरून त्याने दोनदा हळूच बोट फिरवलं, तेव्हा तिला कळलं, की सण त्याचाच आहे. दहावीचा एक पेपर नेमका त्या दिवशी आला होता, हे त्याने मग थांबत थांबत सांगितलं. घरात सगळे नवे कपडे घालून बसलेले, आणि हा गणवेशात पेपरला. आईने संध्याकाळपर्यंत त्याचं ताट झाकून ठेवलं होतं, स्वतःही जेवली नव्हती.

"आई म्हणाली, सण काय, संध्याकाळीही होतो." तो खिळे चाळवत राहिला. "पण... नाही होत."

तिचे सगळे सण जन्मापासून लाल होते. तिचं कधी तिकडे लक्षसुद्धा गेलं नव्हतं.

कॅलेंडर मशीनमधून दोनदा जातं. आधी काळी शाई, मग लाल. काळ्याच्या वेळी लाल तारखांचे खिळे काढून घेतात, म्हणजे तिथे नुसती मोकळी जागा राहते. काम अकराला सुरू व्हायचं. पण यादी आल्यापासून चौथ्या दिवशी ती सातलाच छापखान्यात हजर. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सहीच्या यादीकडे, आणि मशीनचं चाक फिरवलं.

साडेदहाला तो आला. मान खाली, हात खिशावर.

"नवी यादी?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. "सतरा?"

"काढली." त्याने पाकीट पुढे धरलं. "उशिरा दिलं असतं, तर चाललं असतं कदाचित. पण मग म्हणतील, ह्यांच्यातल्या एकाला नोकरीत घेतलं आणि बघा. मला द्यायलाच हवं."

तिने पाकीट घेतलं आणि मागे बोट दाखवलं. वाळत घातलेले सगळेच्या सगळे कागद. सोळा, मग मोकळी जागा, मग अठरा.

दुपारी अध्यक्ष तणतणत आले. बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, की छपाई तुमच्या सहीच्या यादीप्रमाणेच झालीय. लाल झाल्यावर खिळे नव्याने जुळवून पुन्हा काळी शाई चढवायची तर आणखी चार दिवस, आणि नवं वर्ष तर परवावर.

"नाहीतर राहू द्या तशीच," बाबा म्हणाले. "सतरा तारखेला जन्मलेल्यांची समजूत मात्र तुम्ही काढा."

अध्यक्षांनी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. त्यांची धाकटी लेक सतराचीच होती, हे गावाला ठाऊक होतं. शेवटी त्यांनी पेन काढलं. लाल करा, पण फक्त या वर्षापुरती.

ते गेल्यावर तो तिच्याजवळ आला.

"खरं सांग, यादी बदलणार हे तुला कळलं होतं?"

"तुमच्या याद्या दर चार दिवसांनी बदलतात," ती खिळे पुसत म्हणाली. "आज चौथा दिवस होता."

तिचा शाईने माखलेला हात त्याने हातात घेतला, आणि या वेळी ठसा उमटू नये म्हणून दोघांपैकी कोणीच काळजी घेतली नाही.

"आईला दाखवायला..." तो अडखळला.

"पहिली प्रत तूच घेऊन जा ना."

"प्रत नको," तो म्हणाला. "तू ये. सतराला."

ती गेली. नवे कपडे घालून, नखांत लाल शाई तशीच घेऊन. त्याच्या आईंनी तिच्या नखांकडे पाहिलं आणि तिचं ताट त्याच्या शेजारी मांडलं.

'फक्त या वर्षापुरती' असं नगरपालिका मग दरवर्षी लिहीत राहिली. आता छापखाना नाही, बाबाही नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मात्र ते पिवळं पडलेलं कॅलेंडर अजून टांगलेलं आहे. त्यातली सतरा तारीख जरा तिरकी बसलीय. पाहुणे म्हणतात, छपाईत चूक झालेली दिसते. तो म्हणतो, मशीन जुनं होतं.

ती चहा गाळत राहते. मशीन एकदम ठीक होतं... सतराचा खिळा बसवताना तिची नजर त्याच्याकडे होती.