बॅटरी नसलेला कॅमेरा

मृण्मयीने तिसऱ्यांदा मोबाइल रोखला आणि तिसऱ्यांदा तो बंद पडला.

"माझ्यामुळेच होतंय ते," लुओ ओशाळून म्हणाला.

लुओ परग्रहावरचा. शेळीएवढा, तीन पायांचा, धुक्यासारखा पांढुरका. २०५८ सालच्या त्या सकाळी त्याचं विजेविना चालणारं यान रत्नागिरीजवळ, मृण्मयीच्या घरामागच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) दुरुस्तीसाठी उतरलं होतं. मराठी तो वाटेत आपल्या रेडिओच्या लहरी थेट अंगाने ऐकून शिकला होता. सूर्य मावळायच्या आत त्याला निघायचं होतं.

"अण्णा, याचा एकही फोटो नसेल तर शाळेत कोण विश्वास ठेवेल?" मृण्मयीने आजोबांना विचारलं.

अण्णा निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. ते म्हणाले, "लुओभोवती जबरदस्त विद्युतचुंबकीय क्षेत्र (विजेचा आणि चुंबकाचा प्रभाव) आहे. त्यात विजेवरचं काहीच टिकत नाही. पण वीजच नसलेला कॅमेरा असेल तर?"

त्यांनी कपाटातून एक हलकाफुलका प्लास्टिकचा कॅमेरा आणला. सावलीत बसून मागचं झाकण उघडलं, फिल्मची डबी एका खाचेत बसवली, फिल्मचं टोक ओढून समोरच्या रिकाम्या रिळात अडकवलं आणि झाकण लावलं.

"आता हे चाक अडेपर्यंत फिरव. ऊन पाठीवर घे. चार पावलं लांब उभी राहा. कोपरं अंगाला चिकटव आणि हळूच बटण दाब."

खट्! मृण्मयीने तीन फोटो काढले.

"चित्र कुठंय?" लुओने कॅमेरा हातात घेतला आणि कोणी काही म्हणायच्या आत झाकण उघडलं.

"अरे, झाकण लाव!" अण्णा ओरडले. "गेले तिन्ही!"

लुओचा रंग राखाडी झाला. मृण्मयीला रडूच कोसळलं. "पण असं कसं झालं? फिल्मला तर काहीच लागलं नाही!"

"उजेड लागला. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. उजेड पडला की ते आतून बदलतात, पण आपल्याला दिसत नाही. बटण दाबलं की क्षणभरच खिडकी उघडते आणि समोरच्या दृश्याचा उजेड आत येतो. आता मात्र सगळीकडून ऊन घुसलं."

मृण्मयीने डोळे पुसले. "म्हणजे डबीत गुंडाळलेली फिल्म अजून अंधारातच आहे?"

अण्णा हसले. "शाब्बास! खराब झालेला भाग पुढे सरकव."

तिने पाच वेळा चाक फिरवून खटके दाबले, मग पुन्हा पांढुरक्या झालेल्या लुओचे नव्याने दोन फोटो काढले. मग अण्णांनी फिल्म पुन्हा डबीत गुंडाळली आणि न्हाणीघरात काळोख करून धुतली. एका रसायनाने बदललेल्या कणांची काळी चांदी झाली. दुसऱ्याने उरलेले कण निघून गेले. चार वाजता निगेटिव्ह (उलटं चित्र) दोरीवर लटकत होती. पांढरा लुओ तिच्यात काळाकुट्ट दिसत होता.

"जास्त उजेड, जास्त काळी चांदी," मृण्मयी आपणहून म्हणाली. "कागदावर छापलं की परत पांढरा होशील."

लुओ कितीतरी वेळ बघत राहिला. "आमच्या ग्रहावर कुणाचंच चित्र नाही. विजेवरचं प्रत्येक यंत्र आमच्याजवळ बंद पडतं. माझी आजी फार थकलीय. ती गेली की तिचा चेहरा..."

मृण्मयीने अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तिने कॅमेरा, कपाटातली नवी डबी आणि फिल्म धुवायच्या दोन्ही रसायनांच्या बाटल्या लुओच्या हातात ठेवल्या.

"आजीला उन्हाकडे तोंड करून बसव," ती म्हणाली. "आणि फिल्म परत डबीत गुंडाळेपर्यंत झाकण उघडू नकोस हं!"